बागेतला माळी कुठं गेला?

जून २०२३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराच्या काठी दिओर या फ्रेंच घराण्यानं दागिन्यांचा एक नवा संग्रह मांडला. नाव 'ले जार्दां द ला कुत्यूर', म्हणजे आपल्या भाषेत उंची शिवणकलेच्या बागा. एकूण १७० दागिने. मौल्यवान खड्यांची फुलं, पानं, पाकळ्या. आणि झग्यावरच्या गुंड्यांची आठवण यावी अशी त्यांची मांडणी. या घराण्याच्या दागिन्यांची सूत्रं १९९८ पासून व्हिक्त्वार द कास्तेलान या बाईंकडे आहेत. फुलांचं त्यांना वेड आहे आणि काम खरोखर देखणं आहे. फोटो बघताना मीही दोन मिनिटं गप्प झाले.

तिसऱ्या मिनिटाला मात्र मी त्या बागेत माळी शोधायला लागले.

बाग म्हटली की माळी आलाच. खुरपं आलं, शेणखत आलं, पहाटेचं पाणी आलं, हाताला लागलेले काटे आले. दिओरच्या बागेची गोष्ट जगभरच्या मासिकांत छापून येते. त्यात मालक असतो, मालकाची आई असते, गुलाब असतात, कल्पना सुचणारी कलावती असते, दागिने घालून चालणाऱ्या मुली असतात. माळी नसतो. आणि बायांनो, ही माळ्याला गाळून टाकायची खोड तिकडं कोमोच्या काठावर राहिलेली नाही. आपल्या लग्नाच्या बस्त्यापर्यंत येऊन पोचली आहे. म्हणून हा लेख.

आधी ती गोष्ट नीट ऐकू. क्रिस्तियाँ दिओर १९०५ मध्ये नॉर्मंडीतल्या ग्रांव्हील या गावी जन्मले. समुद्राकाठच्या कड्यावर गुलाबी घर आणि आईनं हौसेनं लावलेली बाग. पोरगा बियाण्यांच्या कॅटलॉगमधली फुलांची नावं पाठ करायचा. पुढं १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी आपला पहिला कपड्यांचा संग्रह मांडला, तेव्हा त्यातल्या एका धाटणीला नावच दिलं 'कोरोल', म्हणजे फुलाच्या पाकळ्यांचा घेर. बारीक कंबर आणि खाली उमललेल्या फुलासारखा झगा. ग्रांव्हीलच्या त्या घराचं आज संग्रहालय झालंय. आताच्या दागिन्यांतली बाग या बागेशी नातं सांगते, आणि गुंड्या त्या झग्यांशी.

सगळं खरं. पण त्या बागेला पैसा कुठून येत होता? वडील मोरीस दिओर हे खतांचे कारखानदार. खत! मला तर हा तपशील गुलाबांपेक्षा जास्त आवडला. ज्या बागेवर पुढं हिऱ्यांची बाग उभी राहिली, ती बाग खताच्या पैशावर फुलली होती. आपल्याकडची कुठलीही शेतकरी बाई म्हणेल, यात लपवायचं काय, खताशिवाय फूल येतंय होय? पण मखमलीच्या डबीत खताला जागा नसते.

त्याच घरात आणखी एक व्यक्ती होती, दिओरची धाकटी बहीण कातरीन. दुसऱ्या महायुद्धात ती नाझींविरुद्धच्या गुप्त चळवळीत होती. जुलै १९४४ मध्ये पॅरिसमध्ये पकडली गेली, छळ सोसला, राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवली गेली आणि १९४५ मध्ये जिवंत परत आली. नंतर तिनं काय केलं? फुलांचा व्यापार. पॅरिसच्या मोठ्या बाजारात कापलेली फुलं विकली, पुढं दक्षिण फ्रान्समध्ये गुलाब लावले. फुलाला तोडणीची वेळ असते, वाहतूक असते, दुपारी उतरणारा भाव असतो, हे त्या घराण्यात कुणाला हातानं माहीत असेल तर तिला. मला वाटतं, या १७० दागिन्यांकडे आपण भावाच्या नजरेनं न बघता या बहिणीच्या नजरेनं बघावं.

तर घ्या एक पान. दागिन्यातलं, बोटाच्या पेराएवढं. अशा कामात आधी कागदावर रंगीत चित्र होतं. मग नमुना, मग सोनं, मग जडाव, मग पॉलिश. मोठ्या दागिन्याला शेकडो तास लागतात. पान चमकावं म्हणून त्याच्या पृष्ठावर मोहरीएवढे हिरे एकमेकांना खेटून बसवतात. असे बारीक हिरे जगात सगळ्यात जास्त कुठं घासले जातात? सुरतेत. जगातल्या दहा हिऱ्यांपैकी जवळजवळ नऊ हिरे सुरत आणि आसपास पैलू पाडून बाहेर पडतात, असं हा धंदाच अभिमानानं सांगतो. घंटीवर म्हणजे त्या फिरत्या चाकावर बसलेला कारागीर बहुतेक वेळा नगावर पैसे घेतो. नग आले तर मजुरी, नाही आले तर घरी बसा.

आणि नग येईनासे झाले होते. २०२३-२४ मध्ये अमेरिका आणि चीनची मागणी आटली, प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांचे भाव कोसळले, रशियन हिऱ्यांवर बंदी आली. ऑगस्ट २०२४ मध्ये सुरतेतल्या एका फार मोठ्या कारखान्यानं हजारो कामगारांना दहा दिवसांची सुटी दिली. सणाची नव्हे, कामाविना सुटी. त्या दिवसांत हिरे कामगारांच्या आत्महत्यांच्या बातम्या पुन्हा पुन्हा वाचायला मिळत होत्या. बागेत दुष्काळ पडला की पहिला मरतो तो माळी.

कोमोच्या त्या अमुक पानावरचे हिरे सुरतेतलेच, असा दावा मी करत नाही. माझी मागणी वेगळी आहे. ज्या दागिन्याबरोबर ग्रांव्हीलच्या गुलाबांची गोष्ट इतक्या हौसेनं देता, त्याच दागिन्याबरोबर एक ओळ द्या: खडा या देशातल्या या खाणीतून निघाला, या गावात घासला गेला, या हातांनी बसवला. गोष्ट सांगायची तर पुरी सांगा.

लगेच उत्तर येतं, "हिऱ्यांना प्रमाणपत्र असतं की!" असतं. २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया नावाची आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. पण तिची व्याख्या वाचा. सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा कच्चा हिरा, तेवढाच तिच्या लेखी रक्ताचा. २००८ मध्ये झिम्बाब्वेच्या मारांगे भागात सरकारी सैनिकांनीच हिरे वेचणारी माणसं मारली, ती या व्याख्येत बसली नाहीत. या प्रक्रियेच्या उभारणीत पुढं असलेली ग्लोबल विटनेस ही संस्था २०११ मध्ये तिच्यातून बाहेर पडली. आणि बागेत लाल फूल हवं म्हणून जे माणिक लागतात, पाचू लागतात, त्यांना तर ही व्यवस्था लागूच नाही. ती फक्त हिऱ्यांची. मोझांबिकमधल्या मोंतेपुएझच्या माणिक खाणीभोवती मारहाण आणि हत्यांचे आरोप झाले. २०१९ मध्ये त्या ब्रिटिश कंपनीनं जबाबदारी मान्य न करता ५८ लाख पौंडांची तडजोड केली. माणिक लाल का असतो याचं शास्त्रीय कारण क्रोमियम आहे. बाकीची कारणं ग्राहकानं विचारायची असतात.

"एवढ्या बारीक हिऱ्यांचा माग कोण ठेवणार? अशक्य आहे," असंही सांगतात. अशक्य म्हणजे किती अशक्य, ते बघा. टिफनी या अमेरिकी घराण्यानं २०१९ पासून आपल्या हिऱ्यांचा मूळ प्रदेश वा देश ग्राहकाला सांगायला सुरुवात केली. पुढं हिरा कुठं घासला, कुठं बसवला तेही सांगू लागले. २०२१ मध्ये ही टिफनी त्याच समूहाच्या मालकीची झाली, ज्याच्या मालकीचं दिओर आहे. म्हणजे वाट घरातलीच आहे. फक्त टिफनीची ही माहिती ०.१८ कॅरेट आणि त्यावरच्या नोंदणीकृत हिऱ्यांना लागू होती. पानावरचा मोहरीएवढा हिरा पुन्हा बाहेरच राहिला. फुलाच्या मधोमध बसलेल्या मोठ्या खड्याला गाव मिळालं, पानाला नाही.

आता शिवणकलेकडे येऊ, कारण या संग्रहाच्या नावात बागेइतकाच मान शिवणकलेला आहे. जून २०२४ मध्ये, म्हणजे कोमोच्या सोहळ्यानंतर वर्षभरानं, तिथून जवळच्याच मिलान शहरातल्या न्यायालयानं दिओरच्या एका इटालियन कंपनीवर देखरेख बसवली. कारण काय? तिचं काम घेणाऱ्या उपकंत्राटदारांच्या कारखान्यांत स्थलांतरित कामगारांची पिळवणूक होत होती आणि कंपनीनं पुरेसं लक्ष ठेवलं नव्हतं. तपासाच्या कागदांतला एक आकडा तेव्हा जगभर छापून आला: २६०० युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगच्या जोडणीसाठी पुरवठादाराला ५३ युरो, चामडं वगैरे वेगळं. पुढं कंपनीनं सुधारणा केल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती देखरेख मुदतीआधीच उठली, हेही सांगायला हवं. बॅग आणि जडावाचा हार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मला कळतं. पण ज्या घराला आपल्याच देशाशेजारच्या कारखान्यात कोण शिवतंय हे न्यायालयानं दाखवून द्यावं लागलं, त्यानं शिवणाऱ्या हातांचा गौरव म्हणून दागिने विकावेत, हे मला पचत नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांच्या बाजूनं मांडते. ३० मार्च २०२३ रोजी याच दिओरनं मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर कपड्यांचा सोहळा केला. मागं भरतकामाचं भलंथोरलं तोरण होतं आणि मुंबईच्या चाणक्य या संस्थेचं नाव, तिथल्या बायकांचं काम, उघडपणे सांगितलं गेलं. चांगलं केलं. कित्येक वर्षं पॅरिसच्या झग्यांवरची जरदोजी मुंबईच्या कारखान्यांत होते आणि कुणी नाव घेत नाही, तिथं हे पाऊल मोठं होतं. म्हणूनच मी म्हणते, नाव घेता येतं. मनात आणलं तर त्याचा सोहळासुद्धा करता येतो. मग मुंबईत मार्चमध्ये सुईला नाव मिळतं आणि कोमोत जूनमध्ये घंटीला मिळत नाही, हे का?

"अहो, पण हे दागिने घेणार कोण? जगातली मूठभर माणसं. तुम्हा बेळगाव-निपाणीच्या बायकांना काय त्याचं?"

त्याचं असं आहे. वर जे ठरतं ते खाली झिरपतं. आता आपल्याकडच्या सराफाच्या पेढीवर जा. 'गार्डन कलेक्शन' आहे, 'फ्लोरल कुत्यूर सेट' आहे. नवरीचा सेट नाजूक, पाकळी-पाकळीचा. मी एका पेढीवर विचारलं, हे बारीक हिरे कुठले? मालक हसून म्हणाला, "वैनी, मुंबैस्नं येतंय की. तुम्ही डिझाइन बगा." म्हटलं, बसवलं कुणी? "बंगाली पोरं हायत आमची." नाव? नाव त्याला सांगता आलं नाही. चूक त्या एकट्याची नाही. त्याला हा प्रश्न कुठल्या गिऱ्हाइकानं विचारलेलाच नव्हता. आपण काय विचारतो? किती कॅरेट, घडणावळ किती, सूट किती, मोडीला किती कापणार.

आणि तो मोडीचा प्रश्न तर विचाराच. आपल्या आज्यांचे दागिनेही फुलाफळांचेच होते. बकुळहार, बोरमाळ, चाफेकळी, जोंधळी पोत, कोल्हापुरी साजातली कमळं आणि कारली. पण त्या सोन्याला वजन होतं. सोनार गावातला होता, त्याच्या हातची टाकी बायका ओळखायच्या. अडीनडीला बोरमाळेचे मणी सुटे करून पोरीची फी भरता यायची. ते स्त्रीधन होतं. या नव्या बागेत तुम्ही अर्धे पैसे देता ते गोष्टीचे. विकायला गेलात की सोन्याचा भाव मिळतो, बारीक हिऱ्यांचे हात झटकले जातात, आणि गोष्टीचे पैसे कुणीच देत नाही.

जुनं सगळं पवित्र होतं असं मात्र मी म्हणणार नाही. सोनंही खाणीतूनच यायचं. आपल्याच राज्यातल्या कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. पिढ्यान् पिढ्या तिथं खाली उतरलेल्या कामगारांची फुप्फुसं दगडाच्या धुळीनं खराब झाली. हुपरीत आजही घरोघर बायका चांदीच्या पैंजणांचं काम नगावर करतात, आणि आपण पैंजण घेताना ते कुठल्या बाईच्या डोळ्यांनी जोडलं हे विचारत नाही. तेव्हा बोट पॅरिसकडे दाखवताना उरलेली बोटं आपल्याकडे वळलेली आहेत, हे दिसतंय मला.

आता एक प्रश्न समाजातूनच येणार. "जैन बाईनं हिऱ्याच्या धंद्याविरुद्ध लिहावं? आपलीच माणसं त्यात आहेत." आहेत. पालनपूरच्या जैन घराण्यांनी मुंबईपासून अँटवर्पपर्यंत हा व्यापार उभा केला; अँटवर्पजवळ संगमरवरी जिनमंदिर उभं राहिलं ते त्याच कमाईवर. मी त्या मेहनतीला कमी लेखत नाही. उलट म्हणते, जगात कुणाला हा माग लावणं शक्य असेल तर ते आपल्या लोकांना. कच्च्या हिऱ्याची पुडी उघडण्यापासून पैलूदार हिरा विकण्यापर्यंत आपली माणसं त्या वाटेवर बसलेली आहेत.

जैन लेखिका दागिन्यांवर लिहायला लागली की वाचक समजतात, आता ही नेमिनाथ आणि राजुलमतीची गोष्ट सांगणार आणि दागिने उतरवा म्हणणार. मी ते सांगणार नाही. अपरिग्रहाचं व्याख्यान दशलक्षण पर्वात आपण दरवर्षी ऐकतो आणि अकराव्या दिवशी सराफाकडे जातो. मला अपरिग्रहाकडे न जाता अचौर्याकडे जायचंय. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, पाठशाळेत पोरं घोकतात. त्यातला दुसरा तदाहृतादान: चोरानं आणलेली वस्तू घेणं. लक्षात घ्या, स्वतः चोरी न करता, रोख पैसे मोजून घेणारासुद्धा त्या दोषात सापडतो. म्हणजे घेणाऱ्यानं माल कुठून आला हे बघायलाच हवं, हा विचार युरोपातल्या कंपन्यांच्या अहवालांत यायच्या शेकडो वर्षं आधी आपल्या सूत्रात आहे. ज्याच्या जमिनीतून हुसकावून खडा काढला, ज्याची मजुरी कापून तो घासला, त्याचा माल आपल्या गळ्यात आला तर "आम्ही बिल देऊन घेतलाय" हे उत्तर त्या सूत्रापुढं टिकत नाही.

दगडाचं फूल कसं असावं हे बघायचं तर बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्तीत जा. १२०४ सालची. मंडपाच्या छतातून दगडाचं उमललेलं कमळ खाली येतं. त्याखाली उभं राहायला तिकीट नाही, ओळख लागत नाही. आठशे वर्षं ते कुणाच्या गळ्यात गेलं नाही की तिजोरीत गेलं नाही. त्या पाथरवटाचं नाव आपल्याला कुणी शिकवलं नाही, ही तिथलीही उणीव आहेच. पण ती आता भरून काढता येणार नाही. आज बसून काम करणाऱ्याची येते.

ते करायचं कसं, तर आपल्या हाताशी आहे तिथून. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-अंकी एचयूआयडी सक्तीचा झाला. तो मोबाइलवर तपासता येतो. त्यावरून शुद्धता कळते, कुठल्या केंद्रात तपासलं ते कळतं. सुरुवातीला सराफांनी संप केले, "अशक्य आहे" म्हणाले. झालं ना शक्य? मग त्याच बिलावर खड्याचा देश, पैलू कुठं पाडले आणि जडाव करणाऱ्याचं नाव, या तीन ओळी लिहायला शाई जास्त लागते की काय?

आपल्या प्रत्येक गावच्या महिला मंडळात दिवाळीआधी दागिन्यांचं प्रदर्शन असतं. मंगल कार्यालय आपलं, गिऱ्हाइकं आपण, स्टॉलचं भाडं ठरवणाऱ्या आपणच. यंदा अर्जाच्या फॉर्ममध्ये हे तीन प्रश्न घाला. उत्तर देणाऱ्याला दाराजवळचा स्टॉल द्या. "मुंबैस्नं येतंय" म्हणणाऱ्याला सांगा, दादा, मुंबईत कुठल्या गल्लीत, कुणाच्या हातातून, तेवढं विचारून या. पुढच्या वर्षी बघू. पाच मंडळांनी हे केलं तर त्या पेढ्यांना मुंबईला फोन करावा लागेल आणि मुंबईला सुरतेला विचारावं लागेल. फॉर्म छापायला टाकायच्या आत एकदा बैठक घ्या, एवढंच सांगणं.